पळसदेवचा दाखला

कुत्र्यावर दगड कधी उचलावा, याविषयी वकीलसाहेबांचं मत पक्कं होतं. कुत्रं गुरगुरलं तर नाही. दात दाखवले तर नाही. अंगावर धावून आलं तरी थांबायचं, कारण पुष्कळ कुत्री धावून येतात आणि दोन हातांवर थबकून नुसती भुंकतात. उडी घेतली की मात्र हक्क सुरू. कुत्रं हवेत असताना मारलेला दगड कायदेशीर, त्याच्या आधीचा बेकायदा.

हा सिद्धान्त त्यांनी इंदापूरच्या एसटी स्टँडमागच्या बोळात स्वतःच्या नडगीवर तपासून पाहिला होता. कुत्रं हवेत असण्याचा काळ फार थोडा असतो. त्यांचा दगड सुटला तोवर कुत्रं पोचलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली, पण मत बदललं नाही. पँट वर करून व्रण दाखवत म्हणायचे, "ही किंमत आहे. पण आजवर माझ्या हातून एकही निरपराध कुत्रं मेलेलं नाही."

कुत्र्यांनाही ते अहो-जाहो करत. "अहो, जरा बाजूला व्हा, सायकल जाऊ द्या." लहान राष्ट्र असो की मोठं, कायद्यापुढे सगळी सारखी, मग माणसांत आणि जनावरांत कुणाला अरे म्हणायचं आणि कुणाला अहो, हे ठरवणारे आपण कोण, असं त्यांचं म्हणणं. मला ते पहिल्या दिवसापासून "बाई" म्हणाले. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला तोवर कुणीही बाई म्हटलेलं नव्हतं.

इंदापूरच्या कोर्टात ते बांधाच्या भांडणांची वकिली करत. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी कुणाच्या डोक्यात खोरं घातलं, असले खटले. पण त्यांचा जीव होता आंतरराष्ट्रीय कायद्यात. जगातल्या राष्ट्रांनी दुसऱ्या महायुद्धानंतर मिळून जी सनद केली, ती त्यांना इंग्रजीत आणि स्वतः केलेल्या मराठी भाषांतरात तोंडपाठ होती. त्यातलं एकावन्नावं कलम ते येता-जाता म्हणत: सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा उपजत हक्क अबाधित राहील. बाजारात त्यांचं नावच "एकावन्न" पडलं होतं. ते दिसले की पानवाला म्हणे, "आलं एकावन्न." बांधाच्या खटल्यातही ते न्यायाधीशांपुढे हे कलम काढत. न्यायाधीश म्हणत, "वकीलसाहेब, हे इंदापूर आहे." साहेब वाकून म्हणत, "मान्य आहे. पण पृथ्वीवरच आहे."

जगात कुठंही युद्ध पेटलं की दुसऱ्या दिवशी ते पोस्टात हजर. दिल्लीतल्या ज्या ज्या दूतावासांचा संबंध येई, त्या प्रत्येकाला एक पोस्टकार्ड. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात कायदेशीर मत. कित्येक वर्षांत एकदाच उत्तर आलं होतं, तेही नव्या वर्षाचं छापील शुभेच्छापत्र. ते त्यांनी चौकट करून बैठकीत लावलं होतं. "निदान पत्ता नोंदला गेला," म्हणायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती वादविवाद स्पर्धेसाठी. पोखरणचे स्फोट होऊन सहा-सात महिने झाले होते आणि बारामतीत चहाच्या प्रत्येक टपरीवर एकेक सेनापती बसलेला असे. तिथल्या आमच्या कॉलेजानं विषय दिला होता: शत्रूने वार करण्याआधी आपण वार करणे न्याय्य आहे. मी बाजूनं बोलणार होते. आमचे प्राध्यापक म्हणाले, "इंदापूरला जा. तिथं एक वकील आहेत. त्यांचा कुणाला काही उपयोग नाही, तुला होईल."

मी बाजूनंच का बोलणार होते, ते सांगायला हवं. आमचं घर पळसदेवचं. जुनं पळसदेव उजनी धरणाच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर वर येतं, मग खांब, मग पायऱ्या. आमचं घर कधीच वर येत नाही, ते मातीचं होतं. माझे आजोबा मेंढरं राखत, वडिलांनी शेती धरली आणि ती धरणात गेली. वडिलांनी मग उभं आयुष्य पत्रकं लिहिली: विस्थापितांनो, जागे व्हा, पुनर्वसन की फसवणूक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर. इतर मुलींना ग गणपतीचा होता, मला ग गाऱ्हाण्याचा होता. मी दहावीत असताना वडील गेले, मागे पत्र्याची एक पेटी उरली. त्या पेटीतून मी एकच गोष्ट शिकले होते. आमच्या माणसांनी वाट पाहिली. पाणी येणार म्हणून सरकार सांगत होतं, आणि आमची माणसं वाट पाहत बसली. मी वाट पाहणारी होणार नव्हते.

पहिल्याच भेटीत मी साहेबांना विचारलं, "हल्ला झाल्यावरच हक्क सुरू होत असेल, तर पहिल्या घावात जो संपला त्यानं हक्क कुठं वापरायचा? स्मशानात?"

साहेबांचा चेहरा असा खुलला की जणू मी त्यांना पेढे दिले. "उत्तम! हा प्रश्न फार मोठ्या लोकांना पडलेला आहे. बसा, बाई. अहो, ऐकलंत का, चहा दोन."

चहा आला. साहेबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. बिनसाखरेचा होता. त्यांना मधुमेह नव्हता. पण त्यांच्या वडिलांना होता, म्हणून त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, आधीच साखर बंद केली होती.

"बघा," साहेब मला म्हणाले, "ही प्रतिबंधात्मक कारवाई. माझ्याकडून कोणतंही आक्रमण झालेलं नसताना."

काकू दारातून म्हणाल्या, "रक्तात साखर वाढल्यावर उपाय करायचा होय? पाय कापायची वेळ आल्यावर?"

मी म्हटलं, "काकू माझ्या बाजूच्या आहेत."

"तो आमचा अंतर्गत प्रश्न आहे," साहेब घाईनं म्हणाले. "तिथं सनद लागू होत नाही."

मग त्यांनी मला आगबोटीची गोष्ट सांगितली. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी दोन देशांच्या मधल्या नदीवर एक लहान आगबोट होती. एका देशातल्या बंडखोरांना ती पलीकडून माणसं आणि सामान पुरवी. त्या देशाच्या शिपायांनी नदी ओलांडली, बोट पेटवली आणि धबधब्याच्या दिशेनं सोडून दिली. म्हणाले, आम्ही स्वतःचं रक्षण केलं. त्यावर पुढं पत्रापत्री झाली आणि बोटीच्या देशाच्या मंत्र्यानं लिहिलं, असं असेल तर चार गोष्टी दाखवा. गरज तत्काळ होती. ती अटळ होती. दुसरा मार्ग नव्हता. आणि विचार करायला क्षणही नव्हता.

साहेब या चार अटी बोटं दुमडत सांगत. "सनद म्हणते, हल्ला झाल्यास. काही पंडित म्हणतात, उपजत हक्क सनदेपेक्षा जुना आहे, तेव्हा हल्ला अगदी दारात आला तरी पुरे. हा वाद अजून मिटलेला नाही, बाई, आणि तो मिटला असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी स्वतः एवढंच मानतो की उडी घेतलेलं कुत्रं वेगळं. त्याला मारलंत तर मी तुमचं वकीलपत्र घेईन. पण उद्या पिसाळेल असं वाटणारं कुत्रं? त्याला मारायला लागलात तर गावात कुत्रं उरणार नाही. कारण मी उद्या पिसाळणार नाही, हे कोणतं कुत्रं कसं सिद्ध करणार?"

ते मी वहीत उतरवून घेतलं. विरुद्ध बाजू खोडून काढायला त्याचा फार उपयोग झाला.

स्पर्धा मी जिंकले. भाषणाच्या शेवटी मी धरण काढलं. म्हणाले, ज्यांनी वाट पाहिली त्यांचं देऊळ आज पाण्याखाली आहे. सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं. शेवटच्या रांगेत साहेब बसले होते, काळ्या कोटात, एसटीनं आलेले. ते उठले नाहीत. बाहेर व्हरांड्यात भेटले तेव्हा म्हणाले, "जिंकलात. फार वाईट झालं."

"का?"

"धरणाच्या वेळी वाट पाहिली नसतीत, तर तुमच्या वडिलांनी आधी वार कुणावर करायला हवा होता? नाव सांगा."

कुणाचं नाव घेणार? पाण्याचं?

"वाट पाहणं आणि काहीच न करणं, या दोन गोष्टी तुम्ही एक करता," साहेब म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत, तुमचे वडील पत्रकं लिहीत होते. ते काय वाट पाहणं होतं?" आणि छत्री उघडून, ढग नसताना, स्टँडकडे चालू लागले. मी बक्षिसाची ढाल हातात घेऊन तिथंच उभी. मला त्यांचा असा राग आला की पुढचे दोन महिने मी इंदापूरला उतरलेही नाही.

एप्रिलमध्ये पेपर संपवून घरी आले. पाणी झपाट्यानं उतरत होतं. आमच्याकडे पाणी उतरलं की मोटरी त्याच्या मागं जातात. आज काठावर असलेली मोटर आठ दिवसांनी कोरड्या गाळात उभी असते, मग तिला सांगाड्यासकट खाली सरकवावं लागतं. त्या वर्षी आमच्या आणि पलीकडच्या वस्तीच्या मधल्या फाट्यात, धरणाच्या आत शिरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात, एकच खोल डोह उरला होता. आमची मोटर त्याच्या काठाला पोचलेली होती. त्यांची वर गाळात अडकली होती आणि त्यांचा ऊस वाळायला लागला होता.

आमच्या वस्तीवर बोलणं सुरू झालं: ते आपला पाइप तोडणार. कुणी ऐकलं, कुणाकडून ऐकलं, माहीत नाही. माझे चुलते, सगळे त्यांना तात्या म्हणत, मला म्हणाले, "तू एवढी ढाल जिंकून आलीस. लिव्ह की कायतरी."

मी लिहिलं. वरती मोठ्या अक्षरात: वाट पाहिली ती एकदाच! खाली, त्यांनी आपला पाइप तोडण्याआधी त्यांची मोटर गाळात लोळवा. वाक्य फार चांगलं झालं होतं. तेच तर वाईट. गुरुवारी इंदापूरच्या छापखान्यात शंभर प्रती काढल्या आणि राहवलं नाही म्हणून एक साहेबांच्या घरी नेऊन ठेवली. मला त्यांना दाखवायचं होतं की वादविवाद संपला, आता खरं आयुष्य सुरू झालं.

त्यांनी चष्मा लावून वाचली. "भाषा उत्तम. एक वाक्य राहिलंय."

"कोणतं?"

"त्यांना विचारलं का?"

"साहेब, चोराला विचारतात का, चोरी करणार का म्हणून?"

"नाही. पण विचारल्याशिवाय चोर कुठला, हे कळत नाही."

मी उरलेल्या प्रती उचलल्या आणि निघाले. गावात आल्यावर त्या घरोघर दिल्या. हे मी स्वतःच्या हातानं केलं. कुणी करवून घेतलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला पलीकडच्या काठावर माणसं जमू लागली. आम्ही मोजली, बावीस. खांद्यावर पहारी, वासे, दोरखंड. आमच्याकडची चौदा माणसं कुऱ्हाडी घेऊन बाभळीखाली बसली. तात्यांनी माझं पत्रक बंडीच्या खिशात घडी करून ठेवलं होतं. मी त्यांच्या हातातली कुऱ्हाड पाहिली, तिचं पातं नुकतंच घासलेलं होतं. पलीकडे बिनटोपीचा एक तरणा गडी वासा पेलत हसत होता. ती कुऱ्हाड त्याच्या डोक्यात बसली तर ती माझ्या वाक्यानं बसणार होती.

"तात्या," मी म्हटलं, "जरा थांबा."

"आता गं काय थांबायचं? तूच लिव्हलंयस, वाट एकदाच बघितली म्हून. पोरीनं छापून आणल्यावर आमी घरात बसायचं व्हय?"

तेवढ्यात मागून सायकलची घंटा वाजली. कोटाला एसटीची धूळ, सायकल कुणाची तरी मागून आणलेली, काखेत छत्री. साहेब उतरले, स्टँड लावला आणि सगळ्यांना नमस्कार केला. "मंडळी, चारच प्रश्न. मग तुम्ही मोकळे."

"हे कोण आनि?" कुणीतरी विचारलं.

"एकावन्न," दुसरा म्हणाला. "माझा बांधाचा खटला हेंच्याकडंच हाय. अजून चाललाय."

साहेबांनी पहिलं बोट दुमडलं. "गरज तत्काळ आहे?"

"व्हय. बघा की, उभी हायती समोर," तात्या म्हणाले.

"अटळ आहे?"

"व्हय."

"दुसरा मार्ग नाही?"

"न्हाय."

"विचार करायला एक क्षणही नव्हता?"

तात्या वैतागले. "वकीलसायेब, सकाळधरनं हितंच बसलोय आमी. दोनदा च्या झाला. किती इच्यार करायचा?"

"चहा दोनदा झाला," साहेब म्हणाले. त्यांनी करंगळी न दुमडता उभीच ठेवली. "मग क्षण होता. चहाला होता म्हणजे विचाराला होता. चौथी अट पडली." आणि कुणाला काही कळायच्या आत ते काठ उतरून गाळात शिरले.

उजनीचा गाळ वरून वाळलेला दिसतो. पाच पावलांवर साहेब घोट्यापर्यंत गेले, दहा पावलांवर गुडघ्यापर्यंत. एक बूट तिथं राहिला, तो आजही तिथंच आहे. ते छत्री काठीसारखी रोवत चालले होते, एका बाजूला चौदा कुऱ्हाडी, दुसऱ्या बाजूला बावीस माणसं, पलीकडे पाण्यातून अर्धं वर आलेलं देऊळ, आणि मधोमध काळा कोट. मध्ये ते थांबले, घसा साफ केला आणि कोर्टात ओरडावं तसे ओरडले: "तुम्ही इथं कशासाठी जमलात, असं पलीकडचे पक्षकार विचारतात!"

पलीकडून त्यांच्या वस्तीचे आबा पुढं झाले. सत्तरीचे, उघडे, डोक्याला मुंडासं. "कशापायी म्हंजी? मोटर खाली घ्यायला. आलाच हायसा तर धरा की दोर!"

साहेब वळले आणि नुसते आमच्याकडे बघत राहिले.

मग आबांनी विचारलं, "आन् तुमची मान्सं का जमल्यात, कुऱ्हाडी घिऊन?"

साहेब सहज म्हणू शकले असते, तीही मोटरीसाठीच. सगळं तिथंच निभावलं असतं. पण खोटं बोलणं त्यांच्या कोणत्याच कलमात नव्हतं. ते म्हणाले, "त्यांनाच विचारा."

तात्यांनी खिशावर हात ठेवला. लिहिणारी मी होते. मी पुढं झाले आणि ओरडले. आवाज फाटला, तरी ओरडले: "तुम्ही आमचा पाइप तोडायला आलात, असं वाटलं म्हणून! मीच तसं लिहिलं!"

पलीकडच्यांनी खांद्यावरचे वासे खाली टेकवले.

मग आबांनी कमरेवर हात ठेवले. "पाइप तोडाया बावीस मान्सं लागत्यात व्हय गं? एक गडी आन् एक कुऱ्हाड बास! कुणाची गं तू? शेतकऱ्याचीच हायस न्हवं? मोटर सरकवायला किती मान्सं लागत्यात, ठावं न्हाय?"

ठाऊक होतं. लहानपणापासून दर उन्हाळ्यात मी पाहिलं होतं. वीस-बावीस माणसं, पहारी उचकटायला, वासे खाली घालायला, दोर मागं धरायला. त्या काठावर एकही कुऱ्हाड नव्हती. सकाळी आठ वाजल्यापासून ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी त्यात हल्ला वाचला होता, कारण आदल्या दिवशी मी हल्ला लिहिला होता.

आधी तो बिनटोपीचा गडी हसला. मग त्यांचा काठ हसला. मग आमच्याकडचा तो बांधाच्या खटल्याचा अशील खो खो करत खाली बसला, आणि शेवटी तात्या, कुऱ्हाड बाभळीच्या बुंध्याला टेकवून, टोपीनं डोळे पुसत म्हणाले, "आयला, व्हय की. बावीस."

"हसू नका, वकील बुडतोय!" आबा ओरडले.

साहेब मांडीपर्यंत गेले होते. त्यांना काढायला दोन्ही बाजूंनी माणसं धावली. दोर पलीकडच्यांचाच होता, मोटरीसाठी आणलेला, त्याचं एक टोक साहेबांच्या काखेतून घातलं आणि लोकांनी "हैस्सा!" म्हणून ओढलं. साहेब सुटले, छत्रीसकट. एकदा दोर हातात होताच, मग कुणी सोडला नाही. तसेच सगळे पलीकडच्यांच्या मोटरीकडे गेले. छत्तीस माणसं आणि एक वकील. साहेब एका पायात बूट, एक पाय अनवाणी, दोराच्या शेवटी, "हैस्सा"च्या जागी काहीतरी इंग्रजी ओरडत होते. दहा वाजता त्यांची मोटर डोहाला लागली. वर उसाच्या पाटात पाणी पडलं तेव्हा दोन्ही वस्त्यांनी अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा ट्रक थांबला.

साहेबांना तह लेखी हवा होता. कागद नव्हता. तात्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं, मागची बाजू कोरी होती. साहेबांनी पाच कलमं सांगितली, मी लिहिली. आबांनी ती वाचून घेतली आणि म्हणाले, "चार ऱ्हाऊ द्या. येक ठिवा." ठेवलं ते हे: मोटर हलवायच्या आदल्या दिवशी पलीकडे निरोप धाडायचा. खाली चिखलाचे अंगठे उठले. शाईची गरजच पडली नाही.

त्या दिवशी मी हरले, आणि इतकी खूश मी ढाल जिंकले तेव्हाही नव्हते.

साहेबांना पोचवायला मी इंदापूरला सोबत गेले, तेव्हा काकूंनी दारातच विचारलं, "कोट कुठं लोळवलात?"

"युद्धात."

"जिंकलं कोण?"

"सगळे."

"मग धुवायला सगळ्यांना बोलवा," काकू म्हणाल्या, आणि चहा दिला. मी बाजूलाच होते म्हणून सांगते, त्यात साखर होती. साहेबांनी ते बोलून दाखवलं नाही. काही सवलतींचा गवगवा करायचा नसतो.

तह त्यांनी चौकट करून त्या शुभेच्छापत्राशेजारी टांगला, दोन्हीकडून काच लावून. एका बाजूला अंगठे, दुसऱ्या बाजूला माझं वाक्य. मी गेले की माझी बाजू कायम भिंतीकडे असे.

निरोपाची रीत मात्र वस्त्यांना लागली. पुढच्या उन्हाळ्यापासून निरोप आला की समोरची माणसंही दोर धरायला जाऊ लागली, कारण नुसतं ऐकून घरी बसणं बरं दिसत नाही. आणि मी पत्रकं लिहायची सोडली नाहीत. उलट जास्त लिहिली, जास्त कडक. फक्त छापायच्या आधी ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्या दारात जाते आणि तोंडावर विचारते. पुष्कळदा तो खरंच चोर असतो. मग वाक्य आणखी चांगलं होतं.

साहेबांनी आगबोटीच्या शेजारी पळसदेवचा दाखला जोडला. कोणत्याही युद्धाच्या पोस्टकार्डावर शेवटी आता लिहिलेलं असे: आगबोट प्रकरणात बोट जळाली, पळसदेव प्रकरणात विचारणा झाली, आणि मोटर सरकली. अशी किती कार्डं दिल्लीला गेली, कोण जाणे.

आणि तहाच्याच वर्षी दिवाळीच्या आसपास साहेब सायकलवरून, घंटा वाजवत, भर दुपारी आमच्या वस्तीवर आले. कोट धुतलेला, पायात नवे बूट. हातात जाड पांढरं पाकीट. एका दूतावासातून उत्तर आलं होतं. शुभेच्छापत्र नव्हे, सही केलेलं पत्र. बाभळीखाली तात्या बसले होते, पलीकडचे आबा काही कामानं आलेले होते. साहेबांनी उभं राहून आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत: आपण उल्लेख केलेलं पळसदेव प्रकरण आमच्या संदर्भग्रंथांत आढळलं नाही. ते नेमकं कुठं घडलं आणि त्याची अधिक माहिती कुठं मिळेल, ते कृपया कळवावं.

साहेबांनी पत्र माझ्यापुढं धरलं. "विचारलंय," ते म्हणाले. "त्यांनी विचारलंय, बाई!"

मी कागद घेऊन बसले. "काय लिहू?"

साहेब कोणत्या कोर्टाचा हवाला देणार, कोणत्या ग्रंथाचं पान? आबांनी तंबाखू मळता मळता मान वर केली.

"त्यात काय अवघड हाय? लिव्ह. पुनं-सोलापूर रस्त्याला उतरायचं. आन् कुनालाबी इचारायचं."

साहेबांनी ते जसंच्या तसं घालायला लावलं.